गेटावरचा रेणू

आमचे रास्नासर रस्त्याने चालताना समोर बघत नसत, वर बघत. आंब्याच्या फांदीवर कुठे रास्ना दिसते का, हा त्यांचा शोध कॉलेजात येता-जाता चालूच असे. त्यामुळे परभणीत त्यांना एकदा तरी न धडकलेला सायकलवाला सापडणं कठीण होतं. धडकणारा चिडायच्या आत सरच त्याला विचारत, "तुमच्या गावाकडं आंबे हायत का जुने?"

रास्ना म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड. लांबट जाड पानं आणि हवेत लोंबणाऱ्या मुळ्या. वैद्य या मुळ्या सांधेदुखीवर देतात. त्या मुळ्यांमध्ये नेमकं काय असतं, हे शोधण्यात सरांची हयात गेली. मी त्यांच्याकडे पीएच.डी.ला लागले, ते खरं तर आमच्या बोरी गावच्या शेतातल्या आंब्यामुळे. माझे वडील त्याच्यावरची रास्ना बांडगूळ समजून दरसाल विळ्याने खरवडून काढत. हे मी सरांपुढे सहज बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी सर एसटीने बोरीत हजर.

"अहो, बांडगूळ झाडाचं खातं," ते वडिलांना म्हणाले. "ही बिचारी नुसती राहायला आलेली हाय. भाडेकरू समजा."

"भाडं काय देती मग?" वडिलांनी विचारलं.

"तुमच्या पोरीला डॉक्टर करती," सर म्हणाले. वडिलांनी त्या दिवसापासून आंब्याला विळा लावला नाही.

मुळ्या वाळवायच्या, कुटायच्या, अल्कोहोलात भिजत घालायच्या, मग काचेच्या नळीतून थेंब थेंब गाळत एकेक घटक वेगळा करायचा. महिनोन्‌महिने हे केल्यावर हाती येणार चिमूटभर पांढरी पूड. खरी परीक्षा त्यापुढची. पुडीतल्या रेणूत कोणता अणू कुणाला जोडलेला आहे, हे डोळ्यांनी न बघता सिद्ध करायचं. सर म्हणत, "रेणूला त्याचं नाव विचारू नये. शेजारी कोण राहतं ते विचारावं. शेजाऱ्यावरून घर सापडतं." हे वाक्य मी निदान दोनशे वेळा ऐकलं असेल आणि प्रत्येक वेळी चहा पुढ्यात निवत होता.

तरुणपणी सरांनी रास्नेतून एक नवाच रेणू शोधून काढला होता. आयुष्यातला एकच, पण संपूर्ण त्यांचा. तो छापून आला तेव्हा त्यांनी घराच्या लोखंडी गेटावर त्याची आकृती करून घेतली. तीन षटकोन एकमेकांना चिकटलेले, एका कोपऱ्याला लांब दांडी, शेजारच्या कोपऱ्याला आखूड. गल्लीतल्या लोकांना ते मधमाश्यांचं पोळं वाटे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पत्ता सांगताना "पोळ्याचं गेट" असंच सांगत. सर मात्र बाहेर पडताना गेट हलकेच लावत, झोपलेल्या लेकराच्या खोलीचं दार लावावं तसं.

माझ्या कामात तुलनेसाठी मी तोच रेणू पुन्हा वेगळा केला आणि हैदराबादला नव्या यंत्रावर तपासायला पाठवला. या तपासणीत रेणूच्या एका गटाला, म्हणजे आकृतीतल्या एका दांडीला, डिवचलं की त्याच्या शेजारचा हायड्रोजन उजळतो. सरांच्या आकृतीप्रमाणे जो उजळायला हवा होता, तो गप्प बसला. उजळला भलताच. म्हणजे लांब दांडीच्या जागी आखूड हवी होती आणि आखूड दांडीच्या जागी लांब. सरांचीच शेजाऱ्याची युक्ती सरांवर उलटली होती.

आठ दिवस मी तो निकालाचा कागद खणात कुलपात ठेवला. सरांची निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती. त्यांच्या उभ्या आयुष्याची कमाई खोटी ठरवायची आणि ती कुणी, तर त्यांनीच काचेची नळी धरायला शिकवलेल्या विद्यार्थिनीने. तो रेणू प्रबंधातून गाळून टाकावा, असंही मनात आलं.

"काय लपवायलीस?" एका सकाळी त्यांनी सरळ विचारलं.

मी कागद पुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून तो बघितला. मग खिडकीपाशी नेऊन बघितला. मला राहवेना. "सर, यंत्र चुकलं असंल."

"यंत्राला माझी भीड न्हाई," ते म्हणाले. "तुला हाय. गंगाखेडकडची मुळी आण आन्‌ पुन्हा कर."

पुन्हा केलं. तेच आलं. सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका रेणूवरून त्यांनी तरुणपणी दांड्यांची जागा गृहीत धरली होती, एवढीच ती चूक. दुरुस्तीचा लेख सरांनी स्वतः लिहिला आणि वर माझं नाव आधी घातलं. मी नको म्हणाले, तर फटकन म्हणाले, "गप बस. माझी चूक मला सापडली न्हाई, तुला सापडली."

लेख छापून आला आणि दुसऱ्या दिवशी सरांनी रशीदभाई वेल्डरला बोलावलं. मूळ गेटही त्यांनीच केलेलं. दोन्ही दांड्या कापून त्यांची अदलाबदल करायची, हे ऐकून रशीदभाईंनी कपाळाला हात लावला. "पैलेवालाच अच्छा दिखता था ना, सर."

"गल्लीत कुणाला कळायलंय ते?" काकूही म्हणाल्या.

"मला कळायलंय ना," सर म्हणाले, आणि काम होईपर्यंत उन्हात उभे राहिले. जोडाच्या जागी दोन ओबडधोबड गाठी राहिल्या.

सर गेले त्याला आता वर्ष होईल. परवा काकूंना भेटायला गेले तर गेटाला रंग देणं चाललं होतं. रंगारी पॉलिश पेपरने त्या गाठी घासायला लागला होता. काकू पायरीवरून उठल्या. त्यांना रसायनशास्त्रातलं काही कळत नाही, कधी कळलंही नाही.

"तेवढं घासू नका, दादा," त्या म्हणाल्या. "तिथं आमचे हे चुकले होते."

चुकीविषयी इतक्या अभिमानाने बोललेलं मी दुसऱ्या कुठल्या घरी ऐकलेलं नाही. मी चहा घेतला, निघताना गेट हलकेच लावलं आणि रस्त्यावर येऊन मग रडले.