इंदूताईंचा चकवा

सकाळी अर्चनाचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवलं होतं. “आई, आमच्या आई गेल्या,” एवढंच ती बोलली आणि पुढे तिला बोलवेना. ऐन श्रावणात, झोपेतच गेल्या. छातीत कफ झाला होता, ताप होता, पण आता उतरतोय असं आदल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते. अशा वेळी माणसाला रडू येतं. मला आली ती भीती. पाणी आटून भांडं करपायला लागलं तरी मी ओट्यापाशी तशीच उभी, आणि डोक्यात एकच... आता मी कुणाबरोबर जाणार? स्वार्थी वाटेल वाचताना, पण जे झालं ते लिहिते. इंदूताई माझी विहीण, अर्चनाच्या सासूबाई. विहिणी-विहिणींचं नातं कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मानपान, साडीचा पोत आणि तोंडावर साखर. आमचं मात्र जमलं ते रानात, आणि मी जन्माची भित्री असून जमलं.

मी अलिबागची, भर बाजारात राहणारी, पाल दिसली की पलंगावर चढणारी बाई. त्यांचं घर रेवदंड्याची खाडी ओलांडून पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. पुढच्या अंगाला नारळी-सुपारीची वाडी, आणि मागचं दार उघडलं की गुरचरण. सगळ्या गावाचं मिळून एक माळरान, कुणा एकाचं नाही. त्याच्या टोकापासून करवंदीच्या जाळ्यांमधून एक पायवाट चढत जाते ती वाघजाईच्या देवराईपर्यंत. लेकीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा राहायला गेले तर दुसऱ्याच दिवशी इंदूताई म्हणाल्या, चला विहीणबाई, राई दाखवते. मी विचारलं, तिथे जनावर असतं का? त्या म्हणाल्या, असतंच की, त्याचंच घर आहे ते, आपण पाहुण्या. नव्या विहिणीपुढे नाही कसं म्हणायचं, म्हणून निघाले जीव मुठीत धरून.

राईच्या वेशीवर एक शेंदूर लावलेला धोंडा आहे. तिथे चपला काढायच्या आणि मोठ्याने सांगायचं, मी अमक्या घरची, तमकी, कशाला आले ते. सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, आणि आतून साधं वाळलेलं पानसुद्धा घरी आणायचं नाही. इंदूताईंनी सासरचं नाव घेऊन खणखणीत सांगितलं आणि मग माझंही सांगितलं, ही माझी विहीण, घाबरट आहे, सांभाळून घे. आत शिरल्यावर ऊन एकदम गेलंच. गारंबीचे वेल मनगटाएवढे... नाही, मांडीएवढे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. पायाखाली पाल्याचा थर, त्यात काय दडलंय कोण जाणे. तेवढ्यात डोक्यावरून मोठ्ठा फडफडाट करत काहीतरी गेलं आणि मी मटकन खालीच बसले. धनेश पक्षी होता. इंदूताई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. “भित्यापाठी ब्रह्मराक्षस,” म्हणाल्या, आणि हात धरून मला उठवलं.

त्यानंतर मी जात राहिले. सवड मिळेल तशी अलिबागहून एसटी पकडायची, त्यांच्या घरी चहा घ्यायचा आणि मागच्या दाराने निघायचं. भीती गेली असं अजिबात नाही, उगाच खोटं कशाला सांगू. पण शेजारी इंदूताई काठी आपटत चालत असायच्या. पाऊस ओसरला की गुरचरणावर तेरडा फुलायचा, सगळा माळ गुलाबी. थंडीत वरच्या खिंडीतून खाडी आणि समुद्र असे दोन्ही दिसायचे, मासे वाळत घातल्याचा वास वाऱ्याबरोबर तिथवर यायचा. चैत्रात सुरंगीचा घमघमाट. कुठल्या झाडाखाली बसायचं, कुठल्या नाही, कुठे करवंदं गोड आणि कुठे नुसती चिकाची, सगळं त्या बोलत बोलत सांगायच्या, आणि मध्येच सुनेच्या तक्रारी. सून म्हणजे माझीच लेक! मी ऐकून घ्यायची आणि वर त्यांच्या मुलाच्या चार सांगायची. घरी परतेपर्यंत दोघींची फिटंफाट झालेली असे.

मग एकदा वेशीवर त्या म्हणाल्या, “मी नानांची इंदू, वाडीवरून आल्ये.” नाना म्हणजे त्यांचे वडील. लग्न होऊन जन्म गेला त्या घरात, नातवंडं झाली, आणि बाई माहेरचं नाव सांगतायत. मला वाटलं गंमत करतायत. पण उतरताना, गुरचरणाला वाट फुटते तिथे, त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ही वाट कुणी बदलली? कुणी बदलणार? जिथे होती तिथेच होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर त्या घाबरल्या होत्या. इतक्या वर्षांत बिबट्याचे ठसे बघून ज्यांच्या कपाळावर आठी पडली नव्हती, त्या इंदूताई घाबरलेल्या. मी नुसतंच त्यांच्या पदराला धरून घराच्या दिशेने चालायला लागले, आणि त्या निमूट आल्या.

पुढे एकदा त्या एकट्याच गेल्या आणि जेवायच्या वेळेला परतल्या नाहीत. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवस कलताना बकऱ्या चारणारी सखूबाई त्यांना घेऊन आली, डोंगराच्या पार पलीकडच्या अंगाने. “चकवा लागला व्हता म्हातारीला,” सखूबाई म्हणाली, “बसवली खाली, चपला उलट्या केल्या, आता बरी हाय.” चकवा म्हणजे माणसाला त्याच त्याच वाटेवर गरगर फिरवणारं भूत. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि काय सांगू, घरातली सगळी माणसं सुटल्यासारखी झाली! कारण चकव्यावर उपाय असतो. नितीन, माझा जावई, दिघीच्या बंदरात नोकरीला, शिकलेला माणूस, त्यानेसुद्धा दुसऱ्या दिवशी वाघजाईला नारळ दिला, गाऱ्हाणं घातलं आणि शांतपणे कामावर गेला. मीही हात जोडले. आम्हा सगळ्यांना तो चकवाच हवा होता.

त्यानंतर मी गेले तेव्हा गुरचरणावरच्या एका दगडावर त्या बसून राहिल्या. पुढे चालायला तयार होईनात. मग म्हणाल्या, “विहीणबाई, चकवा रानात असतो ना? मला परवा स्वयंपाकघरात लागला.”

मीठ कुठे ठेवलंय हे विसरले असं नव्हे, त्या सांगत होत्या, हे घर कुणाचं आणि मी इथे भात का रांधत्येय तेच कळेना. मग अर्चनाने काहीतरी विचारलं आणि सगळं परत जागेवर आलं. नितीनला सांगू नका, म्हणाल्या. तो दार लावून घेईल. वाईट नाही हो तो, पण तुमच्यासारखाच, घाबरट. घरात बसवलंत तर मी लवकर संपेन, इथे निदान पाय तरी वाट ओळखतात... मी त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता, माझाही गारच होता. एकटं जायचं नाही, मी येईन तेव्हाच, एवढंच मी कबूल करून घेतलं.

पण असल्या गोष्टी झाकून राहतात थोड्याच? एका दुपारी त्या हमरस्त्यावर एसटीची वाट पाहत उभ्या सापडल्या. माहेरी जायचंय, नाना वाट बघतायत, म्हणून. नाना जाऊन किती वर्षं झाली होती... मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, विस्मरणाचा आजार असं नाव कळलं, आणि मागच्या दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी लागली. मी गेले तेव्हा त्या बंद दारासमोर हातात काठी घेऊन उभ्या होत्या. कुणावर रागावल्या नव्हत्या की रडत नव्हत्या. दार उघडायची वाट बघत होत्या, बस. मला ते बघवेना. मी नितीनला म्हटलं, मी आल्ये, आम्ही जाऊन येतो. तो घाबरून गेला होता बिचारा. डोंगर आहे, बिबट्या दिसलाय परवाच, तुम्हीही आता म्हाताऱ्या झालात, असं सगळं म्हणाला आणि शेवटी म्हणाला, “आई, तिला काही झालं तर जबाबदार कोण?”

“मी,” म्हटलं मी.

माझा माझ्यावर विश्वास बसेना. जन्मात मी कुठल्याच गोष्टीची जबाबदारी घेतलेली नाही, बँकेत तिजोरीची किल्ली नको म्हणून बढती नाकारलेली बाई मी. नितीनने माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून कडी काढली.

त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये मी जे काही भ्याले ते आधीच्या सगळ्या आयुष्यात भ्याले नसेन. पूर्वी सापाला भ्यायची, आता त्यांच्या प्रत्येक पावलाला. त्या मध्येच थांबल्या की मी पुढे होऊन त्यांच्या तोंडाकडे बघायची. मध्येच वेगाने निघाल्या की धापा टाकत मागे धावायची. एकदा राईत त्या खाली बसल्या आणि उठेचनात, मी विनवतेय, ओढतेय, आजूबाजूला चिटपाखरू नाही, कुठेतरी वानरं खाकरतायत आणि मला ठाऊक की ती बिबट्या दिसला की तशी खाकरतात. माझी पाचावर धारण बसली. त्या मात्र वर पानांकडे बघत गप्प, छान बसलेल्या. असं असूनही मी पुढच्या वेळी परत गेले. का गेले म्हणाल तर मागचं दार उघडलं की त्यांचा चेहरा जो व्हायचा, त्याच्यासाठी.

शेवटची फेरी पावसाच्या तोंडावरची. वेशीवर त्या गप्प उभ्या राहिल्या, नाव आठवेना, माहेरचंही नाही. मीच सांगितलं दोघींचं. आत पाच-सहा पावलं गेलो, ऊन गेलं, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. “बाई, तुम्ही कोण ते आठवत नाही,” म्हणाल्या. “पण तुम्हाला इथे भीती वाटते. माझ्या बाजूने चला.” आणि मला धरून चालायला लागल्या. मी रडत होते आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मागे-मागे चालत होते.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्या घरी गेले तर मागच्या दाराची कडी नितीनने काढून टाकली होती. लाकडात नुसती स्क्रूची भोकं राहिली आहेत. अर्चना म्हणते, लांबी भरून रंग मारून घेऊ, तर तो नको म्हणतो. काठी दारामागे आहे. मी ती उचलली, लवकर येते म्हणाले आणि एकटी निघाले. मला जायचं होतं, त्या नसताना एकदा तरी. तेरडा फुलायला लागला होता. राईपर्यंत गेले, नाव सांगितलं, आत मात्र गेले नाही, धीर झाला नाही. परत फिरले. आणि गुरचरणाला वाट फुटते तिथे आले, तर मला कळेना कुठल्या वाटेने जायचं.

गवत वाढलं होतं, म्हणून असेल. डोळ्यांत पाणी होतं, तेही असेल. पण इतक्या वर्षांची वाट ती... मी खाली बसले. सखूबाईच्या बकऱ्या खालच्या अंगाला ओरडल्या तेव्हा त्या आवाजाच्या रोखाने उतरले आणि घर दिसलं. अर्चनाने विचारलं, एवढा उशीर का? मी म्हटलं, बसले होते जरा. तेव्हापासून रोज सकाळी उठले की मी आधी घरातल्या वस्तूंची नावं मनात म्हणून बघते, आणि एखादं पटकन आलं नाही की परत पहिल्यापासून सुरू करते. परवा चाळणी आठवेना. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. इंदूताईंना सांगितलं असतं.

माझी लेक रविवारी चहा घेताना वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचते, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. म्हणजे आता तिला कळलं. अर्चू, घाबरशील, माझीच मुलगी तू. घाबर. पण दाराला कडी नको लावूस बाळा. माझ्याबरोबर चालायला ये.