डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

नऊ वर्षांची होईपर्यंत मी अंथरूण ओलं करायचे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझी गोधडी पुढच्या दोरीवर कधी वाळली नाही. ती मागे, टाकीच्या आड वाळायची. त्या लपवण्याचा मला अजून राग येतो.

मी आठ वर्षांची होते त्या उन्हाळ्यात विहारात मुलींचं दहा दिवसांचं शिबिर होतं. मला जायचंच होतं. पण सगळ्यांनी एकत्र झोपायचं होतं. आई म्हणाली, "आठ दिवस कोरडी झोप, मग बघू."

शेजारणीचं ऐकून तिने माझ्या कमरेला काळा दोरा बांधला. पप्पांनी तो कात्रीने कापला. ते अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. "कारण शोधायचं," ते म्हणाले.

मी वही केली. पाणी कधी प्यायले, कलिंगड खाल्लं का, इंजिनाची शिट्टी ऐकू आली का. शिट्टी कधीच ऐकू यायची नाही. सगळं घर ज्या आवाजाने जागं व्हायचं, तो माझ्यापर्यंत का पोचत नसेल?

दवाखान्यात डॉक्टरांनी वही नीट वाचली. "लहानपणी तुम्हा दोघांपैकी कुणाला होतं का?"

आई नाही म्हणाली. पप्पाही, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत.

मांडवगणहून पप्पांची थोरली बहीण आली, तेव्हा मी तिलाही तेच विचारलं. ती मेथी निवडत होती.

"तुझा बाप? सातवीपत्तुर. नदीवर वाकळ धुयाला मी, आन् ह्यो पुढं हात हलवीत."

"डॉक्टरांना तर नाही म्हणाले."

"म्हणंलच की. त्याचं काय पत्रक काढायचंय व्हय?"

पप्पा दारातच होते. खाली बसून बुटाची नाडी सोडू लागले.

"खोटं का बोललात?"

"लाज वाटली."

"थांबलं कशानं?"

"आपोआप."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला दोरा बांधला असता, तर दोऱ्यानं थांबलं असं झालं असतं."

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन विहारात गेले. शिबिराच्या ताईंना माझ्यासमोरच म्हणाले, "हिला अंथरुणात होतं. मलाही व्हायचं."

"दाराशी झोपवते," ताई म्हणाल्या. "उठवीन मी."

तिथे माझी गोधडी चारदा भिजली. पुढच्या दोरीवर वाळली. शेजारी झोपणाऱ्या मुलीनं विचारलं, तेव्हा मी तिला पप्पांचंही सांगितलं.

"त्यांचं कवा थांबलं?"

"सातवीत."

ती बोटांवर स्वतःची वर्षं मोजू लागली.