नावाखालचा ठिपका

हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी लिहून उठलो. एकदा नोकरीतल्या पहिल्या गावाबद्दल लिहिलं, एकदा विहिरीबद्दल, एकदा तर नुसती किराण्याची यादी. मी तलाठी होतो. लोकांच्या नोंदी करण्यात हयात गेली. नोंद चुकली तर ती दुरुस्त कशी करून घ्यायची, हे मी कितीतरी जणांना समजावून सांगितलं. माझ्या हातची एक नोंद मात्र खोटी आहे. ती चुकून झालेली नाही. आमच्या गावच्या वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या वहीत ती अजून तशीच आहे.

गाव सोलापूरकडचं, मुरुम गावाच्या अलीकडं. वाचनालय दोन खोल्यांचं. बाहेर वर्तमानपत्रं, आत कपाटं. खिडकीजवळच्या कपाटात रहस्यकथा. बाकीच्या कपाटांतली पुस्तकं नव्यासारखी कोरी, या कपाटातली मात्र चिकटपट्ट्या लावून लावून पाठीला जाड झालेली. निवृत्त झाल्यावर मी त्या कपाटाला लागलो तो लागलोच.

दहाव्या-बाराव्या पानावर एक माणूस मरतो आणि तिथून पुढं घरातल्या प्रत्येकावर संशय येतो. चहा आणून देणारीवरसुद्धा. फक्त वाचणाऱ्यावर येत नाही. आपण सोडून सगळे संशयित, यात केवढं सुख आहे ते वाचल्याशिवाय कळत नाही. आणि जिवाची तगमग. पुस्तक हातात असलं की मला एका जागी बसवत नसे. दोन पानं ओट्यावर, दोन लिंबाखाली, चार जेवताना ताटाशेजारी. बायको म्हणायची, "पार भवरा झालाय तुमचा. त्यो मेलेला माणूस तरी एका जागी पडलाय, तुम्ही बसा की."

माझ्यासारखाच दुसरा वेडा म्हणजे शिलाईचे मास्तर. बसस्टँडसमोर त्यांचं दुकान. वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. तयार कपडे आल्यापासून नवं शिवायला त्यांच्याकडं फारसं कुणी येत नसे. पँटची उंची कमी कर, चेन बदल, गणवेशाची उसवलेली शिवण घाल, एवढंच काम. मशीनच्या फळीवर पुस्तक उघडं, ते मिटू नये म्हणून वर कात्री. मी गेलो की मान वर न करता विचारायचे.

"कितवं पान, भाऊसाहेब?"

"एकशे चाळीस."

"मंग आता तुमचा डॉक्टरवर शक आसंल."

"शक कशाला? डॉक्टरच आहे."

"न्हाय. तुमी फसावं म्हणून तर डॉक्टरला त्या खोलीतनं भाईर काढलाय. शिवण बगा, शिवण. जितं टाका लईच बारीक घातलाय, तितं खाली कापड फाटलेलं आसतंय."

आणि मास्तरांचंच बरोबर निघायचं. दर वेळी. वाचनालयात याचा बोलबाला होता. पण शेवट ते कुणाला सांगत नसत. कुणी खोदून विचारलं तर म्हणायचे, "खून एकाचा झालाय तेवढा बास. वाचणाऱ्याच्या मजेचा आनिक कशाला करायचा?"

आमच्या जुन्या वाचकांची एक पद्धत होती. या पुस्तकांची नावं सारखीच, चित्रंही सारखीच. पन्नास पानं झाल्यावर ध्यानात येतं की हे आपलं वाचून झालंय. म्हणून जो तो वाचलेल्या पुस्तकात आपली एक खूण करून ठेवी. निवृत्त मुख्याध्यापक एकविसाव्या पानाच्या आकड्याभोवती गोल काढत. एक शिक्षिकाबाई शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक फूल काढत. मास्तरांना खुणेची गरज नव्हती, त्यांना सगळं पाठ. मी माझी खूण निराळ्या जागी केली. खुनी माणसाचं नाव ज्या पानावर पहिल्यांदा येतं, तिथं त्या नावाखाली टोकदार पेन्सिलीनं एक ठिपका.

तिथंच का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. खूण तर कुठंही चालली असती. खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटत होती. माझ्यामागून वाचणारा त्या ठिपक्यावरून पुढं जाईल आणि त्याला पत्ता लागणार नाही, मला मात्र सगळं ठाऊक, अशी ती गंमत. तगमग सोसून झाल्यावर थोडं मोठेपण हवं होतं.

पण पत्ता लागला. मुख्याध्यापकांच्या लागोपाठ तीन पुस्तकांत ठिपका आला आणि तिन्ही वेळा तोच खुनी निघाला. रविवारी सकाळी कार्यकारिणीची बैठक बोलावली. मी चिटणीस, वही माझ्यापुढं. टेबलावर ते अख्खं कपाट रिकामं केलेलं. एकेक पुस्तक उघडून ठिपका शोधायचं काम चाललं होतं आणि मी वहीत तारीख घालून तिच्याखाली पुन्हा पुन्हा रेघ मारत होतो.

मुख्याध्यापक म्हणाले, "हे काम त्याचंच, ज्याला शेवट सगळ्यांच्या आधी कळतो."

नाव घ्यायची गरजच पडली नाही. ग्रंथपाल म्हणाला, "व्हय, म्या डोळ्यानं बघितलंय. मास्तर आतल्या खोलीत पुस्तकावर पेन्सिल घेऊन वाकलेले आसत्यात."

मास्तरांना दुकानातून बोलावून आणलं. गळ्यात मापाची टेप, कानावर पेन्सिल.

"मास्तर, ही पेन्सिल तुमचीच ना?"

"माजीच की. पण साहेब, म्या खोडत व्हतो. ह्या बाजूनं." त्यांनी पेन्सिल उलटी करून मागचं रबर दाखवलं. "वाचताना ठिपका दिसला की खोडायचो. मागून येणाऱ्याची मजा जाया नको."

कुणीतरी म्हणालं, "सापडलेला खुनी असंच म्हणतो, मी तर वाचवायला गेलो होतो."

सगळे हसले. क्षणभर मास्तरही हसले, कारण बोलणं रहस्यकथेत शोभणारं होतं. मग त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं.

मला त्यांच्या हातातलं रबर दिसत होतं, झिजून गोल आणि काळं झालेलं. काही पुस्तकांतले माझे ठिपके नाहीसे झाल्याचं मला आधी जाणवलं होतं. मी समजलो होतो, करायचा राहिला असेल. आता कळलं की हा माणूस महिनोन्‌महिने माझ्या मागून माझी घाण पुसत होता.

एक वाक्य बोलायचं होतं. लोक हसले असते, मुख्याध्यापक चार शब्द बोलले असते, दोन दिवसांत गाव विसरलं असतं. मला ते दोन दिवसही नको होते. आणि आणखी एक. कार्यकारिणीत मास्तरांच्या समाजाचं कुणी नव्हतं. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, मीही नाही. पण माझ्यावर संशय यायला त्या लोकांना जेवढा वेळ लागला असता, तेवढा मास्तरांवर यायला लागला नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि मी त्याचा आडोसा घेतला.

मी लिहिलं, "सदर सभासदाने पुस्तके विद्रूप केल्याचे निदर्शनास आल्याने त्यांचे सभासदत्व रद्द करण्यात येत आहे." दाराशी गेलेले मास्तर वळून म्हणाले, "भाऊसाहेब, नीट ल्ह्या. खाडाखोड नगं."

त्यानंतर मशीनच्या फळीवरची कात्री नुसतीच पडून असायची. ज्या माणसाला दिवसभर पायडल मारताना पुस्तक लागायचं, तो आता समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसे. मी कबूल करायचं ठरवून दुकानात जायचो, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून एक पँट घेऊन जायचो. उंची कमी करायला. तीच पँट तीनदा नेली. तिसऱ्यांदा मास्तर ती हातात धरून म्हणाले, "आता आनिक कापली तर चड्डी हुईल, भाऊसाहेब."

मी म्हणालो, "माझ्या नावावर पुस्तकं आणून देत जाऊ का?"

"नगं. नाव कटलंय माजं. चोरून वाचण्यात मजा न्हाय." त्यांनी मशीन थांबवलं. "खुनी कोन, ते मला कळलंय. मधी दोन म्हैने नव्या पुस्तकांत एक ठिपका नव्हता. ते दोन म्हैने गावात कोन नव्हतं, एवढंच बगायचं."

ते दोन महिने मी पुण्याला लेकीकडं होतो. मास्तर माझ्याकडं बघत नव्हते, सुईत दोरा ओवत होते.

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"आपला नेम हाय न्हवं, नाव सांगायचं न्हाय. आन शेवटच्या प्रकरणात खुन्यानं आपल्या तोंडानं बोलावं लागतंय. त्याबिगर पुस्तक संपत न्हाय."

दोरा ओवला गेला. मी विचारलं, "पँट कधी मिळेल?"

"उंद्या," ते म्हणाले.

पुढं डोळे अधू झाल्यावर मुलानं त्यांना सोलापूरला नेलं. दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. नंबर मिळवायला मला वर्ष लागलं, म्हणजे मी लावलं. फोन केला. मी नुसतं हॅलो म्हणालो, तर "बोला भाऊसाहेब," नाव सांगायच्या आत ते म्हणाले. मी तब्येत विचारली. सोलापूरचं ऊन विचारलं. तुळजापूरचा रस्ता झाला का, तेही विचारलं. ते एवढंच म्हणाले, "म्या ऐकतोय." मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होतो, फोन कानाला. "आनिक काय?" त्यांनी विचारलं. "काही नाही, सहज केला होता," मी म्हणालो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. मी सोलापूरला त्यांच्या मुलाला भेटायला गेलो. मुलानं चहा दिला, म्हणाला, "अब्बा कायम म्हणायचे, भाऊसाहेबांचा फोन येणाराय, मोबाईल माझ्या उशाशी ठेवा." मी चहा पिऊन मिळेल त्या एसटीनं परतलो.

आता मला रहस्यकथा वाचवत नाही. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात, तिथं आलो की मी उठून बाहेर जातो. अंगणात फिरतो, परत येतो, पुस्तक तसंच उघडं असतं.

काल वाचनालयाच्या अध्यक्षांकडं अर्ज दिला. इतिवृत्तातली ती नोंद खोटी आहे, ती माझ्या हातची आहे, माझ्या सहीनं रद्द करावी आणि का रद्द केली हे खाली लिहावं. नोंद दुरुस्त होईल. ज्यांच्या कानावर घालायचं होतं ते नाहीत, पण बोलायचं होतं ते एवढंच.

मास्तर, ठिपके माझे होते. तुम्ही खोडत होता, हे मला त्याच वेळी कळलं होतं, तरी मी तुमचं नाव लिहिलं. मला माफ करा.