ताईने न दिलेलं औषध

निरोप शाळेत आला. मी वर्गावर होतो. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "सर, तमारा बेन..." माझी थोरली बहीण, वसुधाताई, सुरतेच्या मेडिकल कॉलेजात शिकवता शिकवता कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. काही आठवडे झाले, तरी अजून तिच्याबद्दल "होती" म्हणताना जीभ अडखळते...

आमचे आबा खानदेशातून सुरतेच्या पांडेसऱ्यात आले आणि कापड रंगवण्याच्या मिलमध्ये लागले. आपली मुलगी डॉक्टरांना औषधांचं शास्त्र शिकवते, हे ते कुणालाही थांबवून सांगत. माझी बायको सुनंदा आणि ताई नणंद-भावजय कमी, मैत्रिणीच जास्त. आमचं पहिलं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं आणि गेलं, तेव्हा सुनंदाचं डोकं मांडीवर घेऊन ताईच बसली होती. डॉक्टर म्हणाले, आत जंतुसंसर्ग झाला, त्याने सूज आली, म्हणून वेळेआधी कळा सुरू झाल्या. "ती सूजच थांबवता आली तर?" ताईने विचारलं. तसं औषध अजून निघालेलं नाही, ते म्हणाले. मग तिने ते उंदरांमध्ये शोधायला घेतलं.

गाभण उंदरिणीला जंतूंमधला एक अंश टोचला की तिच्या गर्भाशयाला सूज येई आणि पिल्लं अपुऱ्या दिवसांची पडत. अशा काही उंदरिणींना ताई सूज उतरवणारं एक औषध देऊन बघत होती. एका संध्याकाळी ती पेढे घेऊनच घरी आली. औषध दिलेल्या उंदरिणींच्या कळा थांबल्या होत्या! आबांनी लगेच विचारलं, "मंग आते बायासले देशी का?"

"नाही आबा. बायकांना द्यायला अजून खूप वर्षं लागतील," ती हसत म्हणाली.

सुनंदाला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते, सातवा महिना लागला होता. आणि दोनच दिवसांत तिला ताप भरला, कळा आल्या. दवाखान्यात तिने ताईचा हात घट्ट धरला. "ताई, ते तुमचं औषध द्या ना. तुमच्याजवळ आहे ना ते?"

"आहे," ताई म्हणाली. "पण ते फक्त उंदरांना दिलंय गं. बाळाला काय होईल, मला माहीत नाही."

"नाहीतरी ते जाणारच आहे ना!"

ताई रडत होती, पण तिने औषध दिलं नाही. मुलगी झाली. तिला नाव ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर सुनंदा ताईशी बोलली नाही. ताई दरवर्षी राखीला यायची, सुनंदा पाण्याचा पेला समोर ठेवून आत जायची. ताई ते पाणी पूर्ण प्यायची.

मग एकदा कॉलेजबाहेर चहा पिताना ताईने मला सांगितलं. त्या उंदरिणींच्या कळा थांबल्या होत्या, पण आतली सूज गेलीच नव्हती. पिल्लं दिवस भरून जन्मली, पण दूध ओढेनात. एकेक करून सगळी मेली. म्हणजे ते औषध देऊनही आमची मुलगी वाचली नसती. मी म्हणालो, "चल, आत्ता सुनंदाला सांगू."

"नको," ती म्हणाली. "कुणावर तरी रागवायला मिळतंय म्हणून ती उभी आहे. माझ्यावर रागवू दे. तो राग काढून घेतलास, तर ती स्वतःलाच दोष देईल." चहाचा पेला ठेवून ती पुन्हा उंदरांच्या खोलीकडे निघाली. तिथे दुसऱ्या औषधाचं काम सुरू होतं.

तेरावं झाल्यावर मी सुनंदाला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांनी माझ्या हातचं नुसतं पाणीच प्यायलं रे इतकी वर्षं..."

परवा कॉलेजातून ताईचा पांढरा एप्रन आला. सुनंदाने तो धुवायला बादलीत घातला, आणि भिजायच्या आत झटकन उचलला. त्याला उंदरांच्या खोलीचा वास होता. तिने तो छातीशी धरला. मग नीट घडी घालून, तसाच न धुतलेला, आपल्या लग्नाच्या शालूवर ठेवला आणि कपाट लावून घेतलं.