पाटावरची दोन दप्तरं

पोरगी पहिलीत जाणार म्हणून आमच्या घरात जो गोंधळ झाला, तो माझ्या लग्नातही झाला नव्हता. आणि त्याचं मूळ आमचे हेच. त्या वर्षी मोताळ्याचा दुकानदार बीटी कपाशीच्या बियाण्याच्या चार पाकिटांवर शाळेचं एक दप्तर फुकट देत होता. तर ह्या माणसानं आठ पाकिटं घेऊन दोन दप्तरं मिळवली! दोन्ही हिरवी, दोन्हीवर पातेल्याएवढं कापसाचं बोंड. एक पोरीला, दुसऱ्यात बियाणं भरून वावरात न्यायचं.

मला एकच घोर होता, पोरगी शाळेत टिकते की नाही. जन्मल्यापासून ती माझा पदर धरून वावरात वाढलेली. मला तिसरीतून काढलं होतं, कापूस वेचायला हात कमी पडतात म्हणून. त्यामुळे मी हट्टालाच पेटले होते. सासू मात्र म्हणत होती, "पाहजो, पाणी पियाच्या सुट्टीलेच घरी येते पोट्टी!"

नेमकी शाळा आणि टोबणी, म्हणजे काडीनं खड्डे करून सरकी पेरणं, एकाच दिवशी आली. बियाण्याच्या पाया पडल्याशिवाय आमच्याकडे एक दाणा मातीत जात नाही. सासूनं पाटावर दोन्ही दप्तरं शेजारी मांडली, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग बैलांच्या शिंगांना फुगे बांधून सगळं घर गाडीत बसलं. शाळेच्या दारातच गुरुजींनी पोरीला फूल दिलं, आणि ती रडायच्या आत आम्ही पळ काढला. रडले मीच, थेट वावरापर्यंत.

वावरात ह्यांनी दप्तर उघडलं. आत पाटी, पेन्सिल आणि डब्यात गोड शेवया.

"अवं, आता पेन्सिल टोबू का?" हे म्हणाले.

म्हणजे बियाण्याचं दप्तर पोरीबरोबर शाळेत गेलं होतं! सरकीला विषारी औषध चोळलेलं, लालभडक, खायच्या गोळ्यांसारखं. आणि ही पोरगी तर भिंतीचा चुनाही सोडत नाही! मी चपला हातात घेऊन सुटले. मागे हे, ह्यांच्यामागे सासरे, आणि सगळ्यात मागे "म्या सांगतलं होतं!" ओरडत सासू. काय सांगितलं होतं, देव जाणे.

शाळेच्या कुंपणाशी पोचले आणि थबकले. मैदानात सगळी पहिली ओणवी. काडीनं खड्डा, दोन दाणे, वर माती. गुरुजीही ओणवे. मधे कमरेवर हात ठेवून माझी पोरगी, अगदी माझ्या आवाजात, "तोंडात नाही घालाचं बे, औषध हाय! हात धुतल्याबिगर डबा नाही खायाचा! गुर्जी, तुमची ओळ वाकडी चालली!"

वर्गभर पोरं रडत होती, हिनं सगळ्यांना बाहेर काढून कामाला लावलं, असं गुरुजींनी नंतर सांगितलं.

मी पटकन खाली बसले. मला पाहिलं की पदर धरेल, आणि संपली शाळा. हे येऊन शेजारी दडले, मग सासरे. सासूचे गुडघे मात्र वाकेनात. पोरीला ती दिसलीच.

"काऊन आले तुम्ही सगळे?" पोरगी कुंपणापाशी येऊन म्हणाली. "शाळा सुटली नाही अजून. जा घरी!"

दप्तर बदलून घेताना तिनं डबा उघडून पाहिला. "शेवया कमी काऊन हायत?" ह्यांनी गुपचूप मिशा पुसल्या.

पुढे पावसानं दडी मारली. आमच्या वावरातली निम्मी सरकी जळाली, दुसऱ्यांदा टोबावी लागली, आणि घरात हसायला फारसं काही उरलं नाही. शाळेतल्या झाडांना मात्र पोरं हातपंपाचं पाणी घालत राहिली. दिवाळीआधी तिथं बोंडं फुटली आणि पोरीनं निरोप आणला, "आई, गुर्जीनं तुले वेचाले बोलावलं. केसं विंचरून येजो."

मी ठेवणीतलं लुगडं नेसले. तिसरीनंतर पहिल्यांदाच शाळेच्या फाटकातून आत गेले, तीही कापूस वेचायलाच. झाडाला हात लावणार, तोच पोरगी आडवी आली.

"आधी हजेरी."

अख्खी पहिली माझ्याकडे बघत होती. मी पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "हजर, गुर्जी!"