ओट्यावरचं मचाण

रविवारची दुपार. जेवणं आटोपून शलाका जरा लवंडली आहे, पण झोपेच्या वाटेत राग आडवा पडला आहे. दिवाळी नुकतीच झाली, हवेत गारवा आलाय, म्हणून पंखा बंद. अमरावतीतलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर दुपारी अगदी निजल्यासारखं होतं. बाहेरच्या खोलीत नवरा, विश्राम, तोंडावर पेपर घेऊन घोरतो आहे. आतल्या खोलीत मुलगी, रेवती, अभ्यासाच्या नावाखाली काहीतरी गुणगुणते आहे.

राग एका वाक्याचा आहे. मघाशी जेवताना शलाकाने मोठ्या हौसेने बेत सांगितला होता. नाताळच्या सुट्टीत तिघांनी ताडोब्याला जायचं. उघडी जीप, पोहायचा तलाव असलेलं रिसॉर्ट, आणि अंधार पडला की पुन्हा एक फेरी, रात्रीचे प्राणी बघायला. "तिथे वाघ दिसतोच म्हणे," असंही तिने वर जोडलं. तेरा वर्षांच्या रेवतीने वरणभात कालवता कालवता मान वर केली आणि म्हणाली,

"आत्याशिवाय जंगल म्हणजे काय गं आई? नुसती झाडं."

नुसती झाडं!

आत्या म्हणजे विश्रामची थोरली बहीण, कुंदाताई. त्यांनी लग्न केलं नाही. बँकेत नोकरी केली आणि सुट्टी मिळाली की मेळघाट गाठला. रेवती पहिलीत गेली तेव्हापासून दर नाताळात भाचीला सोबत न्यायला लागल्या. शलाका कधी गेली नाही. पहिल्या वर्षी सासूबाई आजारी होत्या, दुसऱ्या वर्षी दळणाच्या पिठासारखी कामं अंगावर सांडलेली, आणि मग तिला कुणी विचारेनासंच झालं. ती डबे भरून द्यायची आणि खिडकीतून हात हलवायची. पोर परत यायची ती उन्हाने रापलेली, धुरकट वासाची, आणि तोंडात एकच: आत्या असं म्हणाली, आत्याने तसं दाखवलं.

गेल्या पावसाळ्यात कुंदाताई गेल्या. पोटाचा आजार निघाला आणि बघता बघता सगळं संपलं. शेवटी शेवटी शलाकानेच त्यांचं सगळं केलं, मनापासून केलं. रडलीसुद्धा. पण अस्थींबरोबर हेवा काही वाहून गेला नाही, उलट फोफावला. जिवंत नणंदेशी भांडता येतं, एखाद्या वेळी तिच्यावर मात करता येते. मेलेली नणंद कधी चुकतच नाही.

रिसॉर्टवाल्या बाईंना संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आहे. मोबाइल छातीवर आहे, तो घसरतो आहे, शलाकाला कळतंय की तो घसरतो आहे, पण हात उचलत नाही. घोरणं लांब जातं.

पलंग एका बाजूने दबतो.

"पाय आवर गं थोडे."

कुंदाताई बसल्या आहेत. आजारात सुकलेल्या नाहीत, आधीच्या, भरल्या अंगाच्या. लांब बाह्यांचा मळकट हिरवा कुडता, पायात कॅनव्हासचे बूट. बूट घालून पलंगावर! मेलेलं माणूस समोर बसलंय याची शलाकाला भीती वाटत नाही, चादरीची काळजी वाटते.

"तुम्ही गेलात ना?" ती विचारते.

"गेले की. म्हणून काय यायचंच नाही?"

"चहा ठेवू?" तोंडातून निघून जातं.

"ठेव. साखर कमी."

शलाका उठते. स्वयंपाकघर आज लांब आहे. पायाखाली फरशी गार, मग ओलसर, मग पाचोळा वाजायला लागतो. गवत कमरेइतकं उंच, वाळून पिवळं झालेलं, हाताने बाजूला सारत चालावं लागतंय. मावशी आज केर काढायला आल्या नाहीत वाटतं, असं तिच्या मनात येतं. मागून कुंदाताईंच्या बुटांचा आवाज येत नाही, पण त्या आहेत हे तिला माहीत आहे.

स्वयंपाकघरात रात्र आहे.

गॅस जिथल्या तिथे आहे, त्याचा निळा जाळही आहे. बेसिनमधलं पाणी मात्र खूप खाली गेलंय आणि लांबवर पसरलंय, काठाला चिखल, वर चांदणं. कुंदाताई ओट्यावर बसून पाय खाली सोडून हलवत आहेत. ओटा सागाच्या दोन खोडांना बांधलेला आहे.

"खाली उभी राहू नकोस. वर ये." त्या हात देतात.

शलाका वर चढते. "हे मचाण आहे?"

"तुझाच ओटा आहे. तू कधी बसलीस का त्याच्यावर?"

थंडी आहे. फ्रिज असतो तिथून एक कच्चा रस्ता निघाला आहे आणि त्या रस्त्याच्या मधोमध दोन लाल ठिणग्या जमिनीला चिकटून बसल्यात.

"ते काय आहे?"

"रातवा. पाखरू आहे. रात्री रस्त्यावर बसून राहतं, उजेड पडला की डोळे पेटतात. रेवाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, आत्या, इथे कुणी उदबत्त्या लावून ठेवल्यात?"

रेवा. घरात पोरीला रेवा कुणी म्हणत नाही.

"हे नाव मला माहीत नव्हतं."

"आमचं होतं ते."

"अजून किती आहे असं तुमचं-तुमचं?"

"हळू बोल. सांबर येतंय."

सिलिंडरच्या मागून सांबर येतं. ओली नाकपुडी, मानेवर राठ केस. ते पाण्याकडे उतरतं आणि दर पावलाला थांबून ऐकतं. शलाकाला ओरडायचं आहे, पण ओरडलं तर ते पळेल. म्हणून इतकी वर्षं साठलेलं सगळं तिला कुजबुजत काढावं लागतं.

"मी तुमच्यावर जळते, कुंदाताई. डबे मी भरायचे. स्वेटर मी विणायचे. पोरीला थंडी बाधू नये म्हणून सुंठवडा मी करून द्यायचे. आणि घरी आली की आत्या, आत्या. तुम्ही मेलात तरी तेच! मी काय करू म्हणजे ती एकदा आई, आई करेल?"

"तुझे धपाटे फार छान असायचे."

"विषय बदलू नका."

"नाही बदलत." कुंदाताई पाण्याकडे बघत राहतात. "कुठे नेतेस तिला?"

"ताडोब्याला."

"काहून? मेळघाटाने काय केलं तुझं?"

"ताडोब्यात वाघ दिसतो."

कुंदाताईंचे हलणारे पाय थांबतात. सांबर मान वर करतं, कान फिरवतं, पुन्हा पाण्याला तोंड लावतं.

"तेच मला नको आहे," त्या म्हणतात.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! सात नाताळ फिरवली मी पोट्टीला. अस्वल दाखवलं, रानगवे दाखवले. रात्री बॅटरी घेऊन उदमांजर शोधलं, सायाळ शोधलं. वाघ नाही दिसला. पंजे दिसले, झाडावर नखं दिसली, वाघ नाही. दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी, आत्या. आणि तू? तू पहिल्यांदा जाणार. तळ्यातून उठून ओल्या केसांनी जीपमध्ये बसणार, आणि तो येऊन उभा राहणार तुझ्यासमोर! घाबरून ती कुणाचा हात धरेल? तुझा."

शलाकाला आनंद होतो. लाज वाटावी इतका.

"तुम्ही जळताय!"

"मग? मेलं की माणूस देव होतं असं वाटलं का तुला?"

शलाकाला हसू फुटतं, ते ती पदराने दाबायला जाते, तर अंगात गाऊन आहे. कुंदाताईही हसतात, पण ओठ आवळून. दोघी जणी ओट्यावर बसल्या आहेत, मध्ये एक रेवती बसेल एवढी जागा सोडून, आणि दोघींपैकी कुणीही ती जागा भरून काढत नाही.

तेवढ्यात वर झाडात वानर खाकरतं. एकदा, मग लागोपाठ. सांबर खूर आपटतं, ढांक करून ओरडतं आणि अंधारात फुटल्यासारखं नाहीसं होतं. रातव्याचे डोळे विझतात. गॅसचा जाळ आपोआप बारीक होतो.

"आला," कुंदाताई म्हणतात.

शलाका पुढे वाकते. गवत दोन बाजूंना होतं, आणि ती बघणार तोच तिच्या डोळ्यांवर एक तळहात येतो.

"तू नको बघूस."

"काढा हात!"

"तू नको ना बघूस, शलाका. तू पुढच्या महिन्यात बघशील, पुढच्या वर्षी बघशील. मला एकदा बघू दे. एकटीला."

हात झटकून टाकणं सोपं आहे. कारण तो हात आता भरलेला नाही. हलका आहे, चामडी आणि काड्या. हा हात शलाकाला ठाऊक आहे. हाच तिने कोमट पाण्याने पुसला होता, याच हाताची नखं कापली होती, याच हातातली पाटली सैल झाली तेव्हा काढून रुमालात बांधली होती. ती तशीच बसून राहते. डोळ्यांपुढे काळोख आणि खाली पाण्यावर मोठ्या जिभेचा आवाज. लप, लप, लप. अजिबात घाई नाही.

"सांगा तरी," ती कुजबुजते.

कुंदाताईंचा श्वास शलाकाच्या कानाशी येतो.

"नर आहे. हा एवढा थोरला. पुढचे पाय दुमडून बसलाय, कोपरं पाण्यात. हनुवटीवरनं पाणी गळतंय, एकेक थेंब, त्यात चांदणं. एका कानाला चीर आहे. आता उठला. थांब, थांब. उलटा फिरला. पाण्यात उलटा शिरतोय गं, शेपटीकडनं, सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलेल्या जावयासारखा अवघडून."

शलाका अंग गदगदवून हसते, आवाज न करता. डोळे झाकलेले आहेत तरी तिला वाघ दिसतो आहे. अशा आवाजाजवळ कुठलं पोर सरकून बसणार नाही? आणि हे कळल्याबरोबर हेवा पुन्हा उसळतो, मघापेक्षा जोरात. आधी तिला वाटायचं, कुंदाताईंनी पोर पळवली. आता तिला वाटतंय, आपणही गेलो असतो यांच्याबरोबर. आपल्याला का नाही नेलं?

"मला एकदाही विचारलं नाहीत," ती म्हणते.

"आली असतीस?"

"आले असते."

"मग ती तुझ्याजवळ बसली असती," कुंदाताई म्हणतात.

पाण्याचा आवाज थांबला आहे.

"आता मान वळवली त्याने," कुंदाताई अगदी हळू सांगतात. "इकडे बघतोय."

"कुणाकडे? कुंदाताई, कुणाकडे बघतोय?"

हात आणखी हलका होतो, कागदाइतका, मग उन्हाइतका.

"आई, ऊन येतंय बघ तुझ्या डोळ्यांवर."

रेवती खिडकीशी उभी राहून पडदा ओढते आहे. शलाका डोळे उघडते, मिटते, पुन्हा उघडते. मोबाइल जमिनीवर पडला आहे. बाहेर विश्राम चहाच्या भांड्यांचा खडखडाट करतो आहे. ती उठून बसायला जाते तर घोट्याजवळ काहीतरी टोचतं.

"काय गं?" रेवती खाली वाकते आणि गाऊनची किनार हातात धरते. "आई! कुसळं आहेत ही."

किनारीत बारीक, सोनेरी, टोकदार कुसळं घुसली आहेत. एक-दोन नव्हे, किनार धरून सगळीकडे, विणल्यासारखी. गाऊन सकाळीच धुऊन, वाळवून, घडी मोडून घातलेला. खाली आवारात गवताची एक काडी नाही, सगळं सिमेंट.

"कुठे गेली होतीस तू?"

शलाका पोरीच्या डोक्याकडे बघते. तिची बोटं सफाईने चालली आहेत. कुसळ ओढायचं नाही, गेलं त्याच दिशेने पुढे ढकलून काढायचं, हे त्या बोटांना कुणीतरी नीट शिकवलेलं आहे.

"आत्याला वाघ दिसला," शलाका म्हणते.

बोटं थांबतात. रेवती वर बघते. आई चेष्टा करते आहे का ते ती तिच्या तोंडावर शोधते, बराच वेळ.

"खरंच?"

"मोठा नर होता. एका कानाला चीर."

"आणि तू? तू बघितलास?"

"मला नाही बघू दिला तिने," शलाका म्हणते. स्वतःचा आवाज तिलाच लहान मुलीसारखा रुसलेला ऐकू येतो. "डोळे झाकले माझे. आता मला बघायचाच आहे. तू येतेस का नाही ते सांग."

रेवतीचे डोळे भरून आलेत आणि तोंड हसायला लागलंय, दोन्ही एकदम. ती काढलेलं कुसळ तळहातावर धरते, दुसऱ्या हाताने आईला ढकलते.

"सरक," ती म्हणते, आणि पलंगावर चढून शलाकाच्या अंगाला टेकून बसते. "आधी सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."