एक जागा रिकामी

ह्यांनी ताडोबाची सफारी दोघांची बुक केली होती, फेब्रुवारीतली. दिवाळीनंतर आठ दिवसांनी हे गेले. झोपेतच. जानेवारी संपत आला तेव्हा ह्यांच्या फोनवर आठवणीचा मेसेज आला. मुलगा बंगळुरूहून म्हणाला, रद्द करून टाक. मी हो म्हणाले आणि रद्द केली नाही.

अडचण कुत्र्याची होती. तो ह्यांचा. पाटबंधारे खात्यात असताना उजनीच्या कॅनॉलवर सापडलेलं पिल्लू हे जीपमधून घेऊन आले, तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. शाळा, घर आणि वर हे केस झाडणारं जनावर कोण बघणार, असं माझं म्हणणं. पुढं त्याला बघितलं ह्यांनीच. संध्याकाळी हे खुर्चीत बसले की तो त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडायचा. ते गेल्यावर मी त्याला दोन वेळा खायला घालत होते, फिरवत होते. तो खायचा, फिरायचा आणि येऊन रिकाम्या खुर्चीखाली पडायचा. माझ्याजवळ कधी आला नाही.

शेजारच्या वहिनींकडे ठेवावा म्हटलं, तर त्यांच्याकडं नातवंडं आलेली. "एकट्याच जाणार व्हय एवढ्या लांब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुत्रा आहे की सोबत. बोलून गेले आणि मग खरंच त्याला न्यायचं ठरलं.

गाडी मी पन्नाशीनंतर शिकले, तीही जुळे सोलापूर ते शाळा एवढ्यापुरती. मागच्या सीटवर त्याची सतरंजी अंथरली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात भरली आणि पहाटे निघाले. तुळजापूरच्या घाटात तो ओकला. गाडी कडेला लावून मी सतरंजी धुतली. त्यानं तेवढा वेळ दुसरीकडं तोंड फिरवलं होतं, आपला काही संबंध नसल्यासारखं. लातूरपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत गेलो. नांदेडला दोन लॉजवाल्यांनी कुत्रं म्हटल्यावर नाही म्हटलं. तिसऱ्यानं मागची खोली दिली.

दुसऱ्या दिवशी वाटेत टिपेश्वरचं अभयारण्य होतं. ह्यांनी सहलीच्या वहीत तेही लिहून ठेवलं होतं. फाटकावरच्या वनरक्षकानं गाडीत वाकून बघितलं आणि कुत्रा आत चालणार नाही म्हणाला. कुत्र्यांचे आजार रानातल्या जनावरांना लागतात, त्यानं नीट समजावून सांगितलं. मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, मला हे आधी सुचायला हवं होतं. ह्यांना नक्की माहीत असणार. म्हणजे ह्यांनी त्याची काहीतरी सोय मनात धरली होती आणि ती मला सांगायची राहून गेली. फाटकासमोरच्या झाडाखाली आम्ही भाकरी खाल्ली आणि पुढं निघालो.

ताडोबाच्या फाटकाबाहेरच्या गावात एका घरी खोली घेतली होती. घरच्या बाईनं कुत्र्याकडं बघून काही कुरकुर केली नाही. सकाळी मी सफारीला जाताना ती म्हणाली, ठेवा इथं, सासरे आहेत घरी.

जिप्सीत नागपूरचं एक कुटुंब होतं. माझ्या शेजारची जागा ह्यांची, पैसे भरलेली, म्हणून कुणी बसलं नाही. त्या बाईनं थर्मास तिथं ठेवायला विचारलं, मी हो म्हटलं. तासाभरानं तळ्याकाठी वाघीण दिसली. गवतातून उठली, आमच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडला, एकदाही वळून न बघता गेली. मी "अहो," म्हणून डावीकडं वळले. तिथं थर्मास होता.

ह्यांना पोचवलं तेव्हाही मी रडले नव्हते. माणसं होती, कामं होती. त्या गाडीत मात्र मला आवरेना. त्या नागपूरच्या बाईला वाटलं, वाघ बघून भरून आलं. तिनं पाणी दिलं.

परतताना एकच काळजी, तो उपाशी बसला असेल, दोरी तोडली असेल. अंगणात आले तर म्हातारे सासरे बाजेवर बसून सुपारी कातरत होते आणि तो त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता. मला बघून शेपटी दोनदा हलली. उठला नाही.

मी वहीतलं पुढचं पेंच सोडून दिलं आणि तिथंच दोन दिवस राहिले. तो म्हाताऱ्यांच्या मागं मागं हिंडायचा. निघायच्या आदल्या दुपारी घरची बाई म्हणाली, "राहू द्या न जी त्याले इथंच. रमला तो."

म्हातारेच बोलले. "न्या बाई. पावसाळ्यात बिबट अंगणात येते. आमचे दोन कुत्रे नेले त्यानं."

मी लगेच हो म्हटलं. नंतर सगळ्यांना तेच कारण सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण म्हातारे काही बोलले नसते तरी मी त्याला आणलंच असतं. त्याच्यासाठी नाही. घराचं कुलूप एकटीनं उघडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

सकाळी त्याला गाडीत चढवायला मला आणि त्या बाईला दोघींना उचलावं लागलं. म्हातारे बाहेर आले नाहीत. यवतमाळ मागं पडेपर्यंत तो मागच्या काचेतून बघत उभा होता. मग थकून बसला. मी त्याला सॉरी म्हटलं, मोठ्यानं. ह्यांच्यानंतर मी त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द असावा. त्यानं कान हलवले आणि झोपला.